व्हय म्हणजे होय नव्हे

“उभीच राहू दे तिला. त्यांच्यात सवय असते.”

हे वाक्य बोललं गेलं तेव्हा खोलीत एक खुर्ची रिकामी होती. शिपायानं ती माझ्यासाठीच पुढं ओढली होती. तिची कड माझ्या गुडघ्याला लागत होती. टेबलापलीकडं मधोमध बसलेल्या अध्यक्षबाईंनी हे बोलतानाच हात वर केला आणि शिपाई तिथंच थांबला. मग बाई शेजारच्या सदस्याकडं वळल्या आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल एवढ्याच हळू, म्हणाल्या, “मेंढरांमागं दिवसभर उभंच राहायचं असतं.”

शेजारचे गृहस्थ हसले. हसून झाल्यावर पाणी प्यायले.

सातारा. वरच्या मजल्यावरची खोली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. मी किल्ल्याकडं बघत उभी राहिले. डाव्या हाताला डॉक्टर बसले होते. माझ्याविरुद्ध तक्रार करणारे तेच. त्यांच्यापुढं चहाचा कप होता, बशीत बिस्किटं होती. मला कुणी विचारलं नाही.

मी नर्स आहे. आहे म्हणायचं का होते म्हणायचं, याच्यावरच तर सगळं भांडण आहे. माझी नोंदणी ठेवायची का काढून घ्यायची, हे टेबलापलीकडची ती समिती ठरवणार होती. नोंदणी गेली की नर्स संपली. मग कुठल्याच दवाखान्यात तिला रोग्याच्या अंगाला हात लावता येत नाही. माझ्यावर आरोप होता की डॉक्टरांना न विचारता मी एका म्हातारीला इंजेक्शन दिलं आणि त्यात ती गेली. मी ते दिलं नव्हतं. ते डॉक्टरांनी दिलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, मी नको म्हणत असताना.

आधी त्या म्हातारीचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय माझं काही सांगता येत नाही.

फलटणकडची होती ती. घरी ऊस, थोरला मुलगा फौजेत. धाकटा दत्ता कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा. छातीत कफ भरला म्हणून त्यानंच तिला आमच्या मिरजेच्या दवाखान्यात आणलं. कानात बुगड्या, अंगावर इरकली लुगडं, तोंडात सारखी बोलणी. वॉर्डातल्या सगळ्यांना तिनं दोन दिवसांत आपलंसं करून टाकलं. मला ‘पोरी’ म्हणायची. सलाईन लावताना माझं गाव विचारलं, मी जत तालुका म्हटलं. “आगं बया, तुमच्याकडं पानी हाय का प्यायला?” म्हणाली. मग माझी जात तिनं बोलण्यावरून ओळखली आणि वर म्हणाली, “धनगराची हायस व्हय? मग तुझा हात हलका असनार. कोकरं धरल्याला हात हाय.” जात ओळखून माझं कौतुक केलेली माझ्या आयुष्यातली ती एकच बाई.

तिनंच मला सांगितलं होतं की मागं एका इंजेक्शननं तिच्या सगळ्या अंगावर गांध्या उठल्या होत्या, श्वास कोंडला होता. नाव तिला आठवत नव्हतं. मी दत्ताला घरचे जुने कागद बघायला लावले. तेच औषध निघालं. ती गेली त्या दिवशी डॉक्टरांनी नेमकं तेच द्यायला सांगितलं. दवाखाना त्यांच्या वडिलांचा. हे नुकतेच शिकून आलेले, सतत घाईत. मी ट्रे हातात धरूनच म्हणाले, “सर, यांना याची रिअ‍ॅक्शन येते. दुसरं द्या.”

“तू मला शिकवणार?”

“सर, निदान थोडं देऊन बघू.”

त्यांनी माझ्या हातातून ट्रे ओढून घेतला. स्वतः सिरिंज भरली, स्वतः दिली. फोन वाजला तसे बोलत बोलत बाहेर गेले. म्हातारीनं खाजवायला सुरुवात केली. मग ओठ सुजले. मी ऑक्सिजनला पळाले, डॉक्टरांना हाका मारल्या, हाताला लागलं ते सगळं केलं. मास्क लावत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. मास्क बाजूला सारून म्हणाली, “पोरी, म्या जगंन न्हवं?”

मी म्हणाले, “व्हय.”

ती जगली नाही.

ते ‘व्हय’ मी आजही ऐकते. भाजी घेताना ऐकते. एसटीत मागच्या सीटवर कुणी फोनवर “व्हय, व्हय, येतोय” म्हणालं की माझं मनगट दुखायला लागतं. तिच्या बोटांची पकड अजून तिथं आहे. लोक म्हणतील हे मनाचे खेळ आहेत. असतील. मनगट माझं आहे, दुखतं मला.

दवाखान्यात इंजेक्शन कुणीही देवो, कागदावर ते नर्सचंच असतं. देणाऱ्याच्या रकान्यात सही करायला मला सांगितलं. मी केली नाही. लिहिणार असलात तर खरं नाव लिहा म्हणाले. त्या दिवसापासून मी दवाखान्यात नकोशी झाले आणि थोड्या दिवसांनी तक्रारीचं पत्र आलं.

आता ‘व्हय’चं सांगते. त्या एका शब्दानं माझा गळा दोनदा धरलाय.

पहिल्यांदा शाळेत. गुरुजींनी विचारलं, “गृहपाठ केलास?” मी उभी राहून म्हणाले, “व्हय.” गुरुजींनी मला पुढं बोलावलं. “मेंढरांना हाक मारतात तसलं इथं चालणार नाही. होय म्हण.” मी म्हणाले, होय. “जोरात.” होय. “वर्गाला ऐकू जाऊ दे.” घंटा होईपर्यंत मी फळ्यापुढं उभी राहून होय, होय, होय करत होते आणि वर्ग हसून लोळत होता. गृहपाठ मी केला होता. तो कुणी तपासलाच नाही.

त्या दिवसापासून मी जिभेला वळण लावायला घेतलं. आमी नाही, आम्ही. हाय नाही, आहे. कवा नाही, केव्हा. नर्सिंगला सांगलीला होस्टेलवर आले तेव्हा मी पुस्तकासारखी बोलायची. मैत्रिणींना मी पुण्याकडची वाटायचे आणि मला त्याचा आनंद व्हायचा. आज त्या आनंदाचा राग येतो. घरी वडिलांशी, आप्पांशी, फोनवर बोलताना तेवढी जीभ मोकळी सुटायची. आणि भ्याले, चिडले, रडले की आपोआप. माणूस घाबरला की आईच्या भाषेत ओरडतो, त्याला इलाज नाही.

आमच्याकडं ‘व्हय’ म्हणायच्या तऱ्हा आहेत. खाली सोडून म्हटलं की ते होय. वर उचलून म्हटलं की ते होय नसतं. “व्हय?” म्हणजे असं म्हणताय काय? तुमची जीभ रेटते तरी कशी? हे आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. ते शिकवायला शाळा लागत नाही.

साताऱ्याच्या त्या खोलीत मी उभी होते आणि पुस्तकासारखंच बोलत होते. रात्रभर घोकून आले होते. म्हणाले, “इंजेक्शन मी दिलेलं नाही. मी विरोध केला होता. ते डॉक्टरांनी दिलं.” कोपऱ्यात टाईप करणारा मुलगा टकटक करत होता.

डॉक्टर ताडकन उठले. “आत्या, ही धादांत खोटं बोलतीय!”

टकटक थांबली. डॉक्टरांच्या लक्षात आलं, ते खोकले, आणि म्हणाले, “मॅडम. सॉरी मॅडम.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. टाईप करणाऱ्याला म्हणाल्या, “ते घेऊ नका.”

आत्या. माझ्या कानात तो शब्द शिरला आणि सगळं एकदम उजेडात आल्यासारखं दिसलं. चहा का आला, खुर्ची का थांबली, मला साक्षीदार आणू का दिला नाही. मी ज्यांच्यापुढं न्याय मागत होते त्या बाई समोरच्याच्या बापाची बहीण होत्या. तेवढ्यात बाईंनी चष्मा लावला, कागद नीट केले आणि काही घडलंच नाही अशा आवाजात विचारलं, “इंजेक्शन तुम्ही दिलंत. बरोबर?”

आणि माझ्या तोंडून गेलं, “व्हय?”

वर उचलून. आत्ता आत्ता मी नाही म्हणाले, तुम्ही त्याची आत्या निघालात, आणि वर मलाच विचारताय? हे सगळं त्या एका शब्दात होतं.

“घ्या,” बाई म्हणाल्या, “होय म्हणतायत.”

टकटक.

“आवं, तसं नव्हं!” मी ओरडले. जीभ आता माझ्या ताब्यात नव्हती.

बाई हसल्या. “आता नव्हं? ठरवा बाई एकदा, व्हय का नव्हं!” शेजारचे गृहस्थ मोठ्यानं हसले. डॉक्टर हसले. टाईप करणारा तेवढा खाली बघत राहिला. “झालं. कबुली आली. पुढं काही विचारायचं नाही.”

त्यांनी माझ्या शब्दाची नक्कल केली, ती अगदी बरोबर केली. तेच मला पुढं कितीतरी दिवस झोपू देत नव्हतं. ज्याला नक्कल येते त्याला अर्थ कळलेला असतो. त्यांना माझं उत्तर समजलं होतं. समजूनच त्यांनी ते बदललं.

निकाल घरी आला. ‘परिचारिकेने स्वतः कबुली दिली असल्याने’ माझं नाव कमी केलं होतं. त्यात माझं उत्तर होतं: होय. शुद्ध. ज्या ‘होय’साठी मी लहानपणी फळ्यापुढं उभी राहिले, ते माझ्या नावावर पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून लिहून दिलं होतं. आणि आत्या कुठंच नव्हती. त्यांचा शब्द निसटला तर पुसला गेला. माझा निसटला तर धुवून, इस्त्री करून माझ्याच गळ्यात घातला.

मी व्हय म्हणायचं सोडून दिलं.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत माझी खोली आहे. खालच्या कारखान्यात दिवसभर तंबोरा लावत बसतात. एकच तार छेडायची, पिळायची, पुन्हा छेडायची. पूर्वी मी दिवसा घरी नसायचे म्हणून कळलं नव्हतं. आता दिवसभर ऐकत पडून राहायचे. त्या तारेत मला म्हातारी ऐकू यायची. जगंन न्हवं? जगंन न्हवं? आप्पांचा फोन यायचा. “जेवलीस का?” मी म्हणायचे, “हं.” आप्पा चिडायचे, “हं काय? त्वांड न्हाई का तुला?” त्यांना कसं सांगू की तोंड आहे, त्यातला एक शब्द भुतानं धरलाय.

एक दिवस दत्ता आला. म्हातारीचा मुलगा. मोटरसायकल खाली लावून जिना चढून दारात उभा राहिला, कामावरचे तेलकट कपडे तसेच. मी दार लावून घेणार होते. हा आता शिव्या देणार, मारेल सुद्धा, असं वाटलं. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “सिस्टर, मला दवाखान्यातनं सांगितलं, तुमी कबूल झालासा. खरं काय? सुई कुणी दिली?”

“डॉक्टरांनी.”

“मग तुमी व्हय का म्हणालासा?”

मी त्याच्याकडं बघितलं. मग जसं म्हणाले होते तसंच म्हणून दाखवलं. त्यांनी विचारलं, तुम्ही दिलंत, बरोबर? मी म्हणाले, “व्हय?”

दत्ताचा चेहराच बदलला. “आस्सं म्हणालासा व्हय!” तो मटकन पायरीवर बसला. “आवं, मग ह्ये न्हाई झालं की. ह्याला कुनी होय म्हनतंय काय? गाढवाला सुदिक कळंल.”

समितीला जे कळलं नाही म्हणतात ते लेथवर काम करणाऱ्या माणसाला उंबऱ्याबाहेर बसून कळलं. मी तिथंच रडायला लागले. म्हातारी गेल्यापासून पहिल्यांदा. तो पायरीवर, मी दारात. दोघंही एकाच बाईसाठी रडत होतो.

रडून झाल्यावर तो म्हणाला, “मी वॉर्डाबाहीर बाकड्यावर हुतो. तुमच्या हातातला ट्रे त्यानं वडला, मी दारातनं बगितला. फोन आला म्हून त्योच आधी बाहीर आला, मग तुमी पळालासा.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“मला इचारलं कुनी?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. ज्याची आई गेली त्याला समितीनं बोलावलंच नव्हतं.

त्यानंच मला सांगलीच्या एका वकीलबाईंकडं नेलं. उतारवयाच्या, कडक, पण आवाजात माया. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, “हे बघ, हायकोर्ट तुझं इंजेक्शन बघणार नाही. सुई कुणी टोचली ते त्यांचं काम नाही. निकाल देणारा त्या खुर्चीत बसायला लायक होता का, आणि तुला धडपणे ऐकून घेतलं का, तेवढं ते बघतात. आत्यानं भाच्याच्या प्रकरणात बसायचं नसतं. तिथं आपण धरू.”

आता कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच आलंय. नाहीतर मुंबईला हेलपाटे घालायचं माझ्यात बळ नव्हतं.

वकीलबाईंनी अर्ज तयार केला. इंग्रजीत होता, त्या मला एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. आत्याचं आलं. दत्ताला बोलावलं नाही ते आलं. मग एक वाक्य आलं: अर्जदार ही मागास, भटक्या समाजातील, ग्रामीण बोली बोलणारी स्त्री असून प्रमाण मराठीतील प्रश्नाचा अर्थ तिला नीट उमगला नाही.

मी म्हणाले, “हे काढा.”

“अगं, याचा उपयोग होतो. जज्जांना दया येते.”

“मला प्रश्न कळला होता.”

“मला माहीत आहे. कोर्टात मांडायची एक पद्धत असते.”

“मॅडम, मला प्रश्न कळला होता. त्यांनाही उत्तर कळलं होतं. मी अडाणी होते असं लिहिलं तर त्यांनी चूक केली असं होतं. त्यांनी चूक केली नाही. त्यांनी मुद्दाम केलं.”

त्या मला समजावत राहिल्या. हे वाक्य गेलं तर केस लंगडी होईल म्हणाल्या. माझं सगळं त्या अर्जावर टांगलेलं होतं. भाऊ नाही, नवरा नाही, जमीन कुसळाची. नर्सची नोंदणी हीच माझी इस्टेट. तरी माझा हात पेनाकडं गेला नाही. फळ्यापुढं मी होय म्हणाले होते. साताऱ्यात माझ्या तोंडात होय घातलं होतं. आता माझ्याच वकिलाच्या कागदावर, माझ्याच सहीनं, मी समजत नसलेली बाई होणार होते. आणि तीही माझ्याच भल्यासाठी!

“न्हाई,” मी म्हणाले. “ह्येच्यावर मी सही करनार न्हाई.”

पुस्तकासारखं बोलायचं त्या क्षणी सुटलं. परत मी ते धरलेलं नाही. हे लिहितेय पुस्तकी मराठीत, कारण तुम्हाला वाचायचंय. बोलत मात्र नाही.

वकीलबाईंनी पेन उचललं आणि त्या वाक्यावर काट मारली. त्याजागी त्यांनी लिहिलं की अर्जदारानं प्रश्नाला नकार दिला, अध्यक्षांनी त्याची नक्कल केली आणि नकाराची कबुली केली. तिथं मी सही केली.

कोल्हापूरला आप्पा आले होते. पटका बांधून, धोतर स्वच्छ धुवून. कोर्टाच्या दारात त्यांची काठी तपासली तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांना काही वाटलं नाही. “बगू द्यात. काठीच हाय,” म्हणाले.

आत सगळं इंग्रजी. मला थोडं कळत होतं, थोडं नाही. पलीकडच्या वकिलांनी नातं नाकारलं नाही, ते नाकारता येण्यासारखंच नव्हतं. त्यांनी वेगळीच वाट काढली. आमच्या भागात वडीलधाऱ्या बाईला सगळेच आत्या म्हणतात, तो आदराचा शब्द आहे, नातं असलं तरी त्या हाकेवरून पक्षपात झाला असं ठरत नाही.

जज्जसाहेबांनी मान वर केली. आणि ते मराठीत आले. “सगळेच म्हणतात?”

“होय, माय लॉर्ड.”

“मग या बाई समितीपुढं उभ्या होत्या. यांनी अध्यक्षांना ‘आत्या’ म्हणून हाक मारली असती, तर चाललं असतं?”

वकील फायलीत बघायला लागले.

मीही मनातल्या मनात साताऱ्याच्या त्या खोलीत गेले. खुर्ची गुडघ्याला लागलेली. चहाचा वास. मी तोंड उघडून ‘आत्या’ म्हणून बघितलं. जीभ उचलेना. माझ्या बापाच्या बहिणीला मी आत्याच म्हणते, पण त्या बाईंना म्हणायला गेले तर तो शब्द परक्याच्या घरातलं भांडं वाटला.

समितीचा निकाल रद्द झाला. नव्या माणसांची समिती नेमून चौकशी पहिल्यापासून करा, असं कोर्टानं सांगितलं. ‘व्हय’बद्दल कोर्ट काही बोललं नाही. तो पुराव्याचा भाग, नव्या समितीनं बघावा. इंजेक्शनबद्दल तर नाहीच. वकीलबाई हसत बाहेर आल्या. आप्पांनी विचारलं, “जितलो न्हवं?”

“परत इचारनार हायती, आप्पा.”

“कोन?”

“दुसरी मान्सं.”

आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. “खरं कितींदा सांगायचं आसतंय गं?”

सगळ्या कोर्टभर हिंडून आले, पण ती सुई कुणी टोचली हे मला कुणी विचारलं नाही. म्हातारी अजून तिथंच होती, मिरजेच्या खाटेवर, माझं मनगट धरून. तिची केस कुणाच्याच पुढं चालली नव्हती.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. नंबर अनोळखी होता म्हणून उचलला. आवाज लोण्यासारखा. आणि बोलत होते माझ्या बोलीत! त्याच तोंडानं, जे साताऱ्यात हसलं होतं.

“कशाला वाढवायलीस गं? तुलाबी तरास, मलाबी तरास. दोन वळी लिहून दे, नजरचुकीनं झालं म्हून. नुसती ताकीद देऊन सोडतील, मी बोललोय. परत ड्युटीवर ये. तुझ्या बापाला तरी बरं वाटंल. व्हय म्हन की एकदा.”

खाली तंबोऱ्याची तार चालू होती. मनगट ठणकलं. ड्युटीवर ये, हे शब्द मला लागले, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या युनिफॉर्मचा वास आला मला. वॉर्डातल्या सकाळी आठवल्या. एक शब्द म्हणायचा होता फक्त.

“न्हाई,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नव्या समितीची नोटीस आली आहे. पुन्हा सातारा. दत्तानं रजा टाकली आहे. या वेळी त्याचं नाव साक्षीदार म्हणून आम्ही आधीच लिहून दिलंय, आणि बोलावलं नाही तरी तो दारात बसून राहणार आहे. नवी माणसं कशी आहेत मला माहीत नाही. कुणाची आत्या असेल, कुणाचा मामा असेल. आत गेल्या गेल्या मी पहिल्यांदा तेच विचारणार आहे, मोठ्यानं, टाईप करणाऱ्याला ऐकू जाईल असं. कोण कुणाचं लागतंय ते आधी सांगा.

खुर्ची कुणी ओढायची वाट बघणार नाही. बसणार आहे.

मग तो प्रश्न येईल. इंजेक्शन तुम्ही दिलंत? त्याचं उत्तर मी कुठल्याच शाळेला विचारून देणार नाही. न्हाई. टाईप करणाऱ्यानं ‘नाही’ लिहिलं तर ते खोडायला लावणार आहे. न्हाई म्हणाले, न्हाई लिहा. एक अक्षर नीट केलंत तर मी सही करणार नाही, आणि परत कोल्हापूरला जायची वाट मला माहीत आहे.

माझं ‘व्हय’ मी एका बाईला दिलं होतं. ते खोटं ठरलं, आणि तिच्या बोटांखाली ते मी मरेपर्यंत वागवीन. तुम्हाला द्यायला माझ्याकडं ते न्हाई.